हिरोशिमा दिन वर्गात करायचा, पण कसा?

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवीचा जोडवर्ग माझ्याकडे आहे. पट 28. गेल्या 6 ऑगस्टला हिरोशिमा दिन म्हणून मुलांना मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. त्यात भाजलेली माणसं दिसतील याची मला कल्पना नव्हती. एक मुलगी पुढचे चार दिवस आईला सोडून झोपली नाही. काही मुलं त्या मोठ्या ढगाला टाळ्या वाजवत होती. आणि वडील फौजेत असलेला एक मुलगा घरी जाताना विचारून गेला, “बाई, मग माझे पप्पा वाईट काम करतात का?” मला उत्तर सुचलं नाही. यंदा हा दिवस करूच नये असं वाटतंय. पण टीव्हीवर रोज कुठलं ना कुठलं युद्ध चालू असतं, मुलं मैदानावर बॉम्ब-बॉम्ब खेळतात, आणि गप्प बसणंही पटत नाही. काय करू?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, हा दिवस करा. फक्त गेल्या वर्षी जिथून सुरुवात झाली तिथून करू नका.

एकीला भीती बसली, काहींनी टाळ्या वाजवल्या, एकाला स्वतःच्या बापाबद्दल शंका आली. या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण मूळ एकच आहे. तो छत्रीसारखा ढग विमानातून टिपलेला आहे. वरून बघणाऱ्याला बॉम्ब म्हणजे मोठा फटाका दिसतो, म्हणून टाळ्या. पुढच्या क्षणी भाजलेली माणसं येतात. त्यांना नाव नाही, घर नाही, शाळा नाही, म्हणून नुसतीच भीती. आणि विमान, गणवेश, हत्यार एवढंच डोक्यात उरलं की ज्याच्या घरी तो गणवेश खुंटीला टांगलेला असतो त्याला तो ओळखीचा वाटणारच. मुलांना ढगाच्या खाली, जमिनीवर आणायचं आहे, आणि तिथे एका वेळी एकच मूल भेटवायचं आहे. बाकी सगळी तयारी त्यासाठी.

म्हणून चित्रफीत नाही, जखमांचा एकही फोटो नाही, ढगाचाही नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला पडद्यावर पाहिलेलं पुसता येत नाही. ऐकलेली गोष्ट मात्र मूल आपल्याला झेपेल एवढीच डोळ्यांसमोर आणतं. वर्गात दोनच वस्तू न्या : जगाचा नकाशा आणि कागद.

वेळही आधी ठरवा. शेवटचा तास नको. मुलं मनात प्रश्न घेऊन घरी जातात आणि ते रात्री बाहेर येतात. खिचडीच्या सुट्टीच्या लगेच आधीही नको, काही मुलं जेवत नाहीत. परिपाठानंतरचे पहिले दोन तास घ्या, म्हणजे नंतर गणित, खेळ, जेवण असं नेहमीचं चालू राहतं आणि मूल आपोआप सावरतं. त्या नेहमीच्या दिनक्रमाइतकं सावरणारं दुसरं काही नाही. पालकांना आदल्या दिवशी वहीत दोन ओळी लिहून पाठवा : उद्या वर्गात हिरोशिमातल्या एका मुलीची गोष्ट सांगणार आहोत, भयानक चित्रं दाखवणार नाही, घरी मुलांनी विचारलं तर ऐकून घ्या. गेल्या वर्षी झोप उडालेल्या मुलीच्या आईला मात्र चिठ्ठी पुरायची नाही, त्यांना प्रत्यक्ष भेटा.

आता तुम्हाला स्वतःला पक्कं माहीत हवं ते. 6 ऑगस्ट 1945, जपानमधली सकाळची सव्वाआठची वेळ. आपल्या आजच्या घड्याळाप्रमाणे पहाटेचे पावणेपाच. बॉम्ब जमिनीवर पडला नाही, सुमारे 600 मीटर उंचीवर फुटला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत हिरोशिमात अंदाजे 1 लाख 40 हजार माणसं गेली, ती काही सगळी त्याच दिवशी नाही. तीन दिवसांनी, 9 ऑगस्टला नागासाकीवर दुसरा बॉम्ब पडला. हे आकडे तुमच्याजवळ असू द्या, चौथीच्या मुलांपुढे टाकायची घाई नको. लाख ही संख्या ती नुकतीच शिकतायत. त्यांच्यासाठी ते शून्यांचं गणित होतं, माणसं होत नाहीत.

पाचवीच्या मुलांनी “किती मेले?” असं विचारलं, आणि ते विचारतातच, तर ज्वारी आणा. आधी प्रत्येकाच्या तळहातावर एकच दाणा ठेवा आणि सांगा, हा एक माणूस, याला घरी कोणीतरी हाक मारायचं. मग 28 मुलांनी 36-36 दाणे मोजले की हजाराच्या थोडे वर होतात. ते वाण्याच्या काट्यावर ठेवा. दाण्याच्या जातीप्रमाणे फरक पडेल, पण हजार दाणे साधारण 30 ग्रॅम भरतात. त्या हिशोबाने 1 लाख 40 हजार दाणे म्हणजे चार किलोंच्या थोडे पुढे. मुलांना ते स्वतः काढू द्या. मग चार किलोंची पिशवी टेबलावर ठेवा आणि काहीही बोलू नका. दाणे जमिनीवर सांडू देऊ नका, अन्न आहे. नंतर ते दळायला किंवा पाखरांना जाऊ दे. हा प्रयोग एकट्या दाण्यापासूनच सुरू करायचा. पिशवी आधी दाखवली तर मुलं वजनाचीच चर्चा करत बसतात.

गोष्ट सादाको सासाकीची सांगा. ती नीट, सावकाश, आठ-दहा मिनिटांत सांगता येते. सादाकोचा जन्म 7 जानेवारी 1943 चा. बॉम्ब फुटला तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि घर तिथून दीड-पावणेदोन किलोमीटरवर. तुमच्या शाळेपासून तेवढ्या अंतरावर जे काही असेल, एस.टी.चा फाटा, धरण, मंदिर, त्याचं नाव घ्या. सादाकोला अंगावर जखम झाली नाही. ती वाढली, शाळेत गेली, पळण्यात अशी तरबेज की सहावीत वर्गाच्या रिले संघात होती. इथे थोडं थांबा. तुमच्या वर्गात कोण जोरात पळतं ते मुलं आपणहून सांगतील, सांगू द्या. मग 1954 च्या शेवटी तिच्या मानेवर गाठी आल्या. बॉम्बमधून किरणं बाहेर पडतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांनी अंगात शिरून नऊ वर्षांनी रक्ताचा आजार केला होता. 21 फेब्रुवारी 1955 ला ती इस्पितळात दाखल झाली. ऑगस्टमध्ये नागोया शहरातून तिथल्या रुग्णांसाठी कागदी पक्षी आले. हजार पक्षी घडवले की मनातली इच्छा पुरी होते, अशी जपानमध्ये जुनी समजूत आहे. सादाकोने घड्या घालायला सुरुवात केली. कागद मिळायचा नाही, म्हणून औषधाच्या पुड्यांचे कागद, भेटवस्तूंची वेष्टनं, जे हाती येईल ते. चौकोन इतके छोटे असायचे की घडी घालायला सुईची मदत घ्यावी लागे. 25 ऑक्टोबर 1955 ला ती गेली. बारा वर्षांची होती.

इथे एका चुकीपासून जपा. तिचे 644 पक्षीच झाले आणि उरलेले मैत्रिणींनी पुरे केले, अशी गोष्ट जगभर सांगितली जाते. ऐकायला ती गोड आहे, पण खरी नाही. तिच्या घरच्यांचं म्हणणं आणि हिरोशिमाच्या संग्रहालयातली माहिती अशी की तिचे हजार पुरे झाले होते आणि त्यानंतरही ती घडवत राहिली. हा फरक वर्गात फार महत्त्वाचा आहे. पहिल्या गोष्टीतून मुलं असा अर्थ काढतात की हजार झाले असते तर ती वाचली असती. तुमच्या वर्गात कोणाच्या घरी आजारी माणूस असेल, तर ते मूल त्याच रात्री कागद कापायला बसेल. म्हणून स्पष्ट सांगा : हजार झाले, तरी ती वाचली नाही. कागदाने आजार बरा होत नाही.

मग कोणीतरी विचारेल, “बाई, मग उपयोग काय?” या प्रश्नासाठीच तर सगळा खटाटोप. लगेच उत्तर देऊ नका, दोघा-तिघांना बोलू द्या. मग पुढचं सांगा. सादाकोच्या वर्गातली मुलं एकत्र आली. हिरोशिमात देशभरातल्या मुख्याध्यापकांची परिषद भरली होती. तिथे जाऊन या मुलांनी पत्रकं वाटली : आमच्या मैत्रिणीचं आणि तिच्यासारख्या सगळ्या मुलांचं स्मारक उभं करायला मदत करा. जपानमधल्या 3,100 हून जास्त शाळांमधून आणि इतर नऊ देशांमधून पैसे आले. 5 मे 1958 ला, जपानच्या बालदिनी, स्मारक उभं राहिलं. वर एक मुलगी दोन्ही हात उंचावून सोनेरी सारस धरून उभी आहे. ते काम मोठ्यांनी मुलांसाठी केलेलं नाही, मुलांनी सुरू केलं आणि मोठ्यांना ओढून घेतलं. आता तिथे वर्षाला सुमारे एक कोटी कागदी पक्षी येतात, वजन दहा टनांच्या आसपास.

एवढं झालं की मुलांच्या हाताला काम द्या. गोष्टीनंतर हात रिकामे ठेवले तर मन तिथेच घुटमळतं.

जपानी भाषेत हा पक्षी त्सुरु, आपल्या गोंदियाकडच्या सारसाचा भाऊबंद. मुलं त्याला बगळा म्हणतील, म्हणू द्या. कागद घोटीव चालतो, पण पहिल्यांदा करणाऱ्या बोटांसाठी तो निसरडा आणि घडीवर पांढरा पडणारा. पतंगाचा कागद फाटतो, वर्तमानपत्राचा लोळागोळा होतो. सगळ्यात बरा म्हणजे एका बाजूने छापलेला साधा ए-फोर कागद. एक कोपरा तिरका दुमडून समोरच्या लांब कडेला लावा, उरलेली पट्टी कापा. 21 सेंटीमीटरचा चौरस मिळतो. नेहमी 15 सेंटीमीटरचा घेतात, पण शिकताना मोठाच बरा. छापील बाजू ‘रंगीत’ समजा. कोरी बाजू आत जाणार आहे, तिच्यावर मुलांनी घडी घालण्याआधी एक ओळ लिहायची : मला जी गोष्ट कोणापासूनच हिरावली जाऊ नये असं वाटतं ती. ‘आईच्या हातची भाकरी’ येईल, ‘माझं वासरू’ येईल. ते वाचायचं नाही, तुम्हीही नाही. पक्ष्याच्या पोटात राहू द्या.

आता घड्या. कागद बाकावर किंवा पाटीवर ठेवूनच घालायच्या, हवेत धरून घातल्या की कोपरे चुकतात. छापील बाजू वर ठेवून दोन्ही कर्णांवर घडी घाला, उलगडा. कागद उलटा. आता आडवी आणि उभी घडी, उलगडा. चारही मोड नखाने दाबलेले हवेत. मग समोरासमोरचे दोन कोपरे धरून खाली मध्याकडे आणले की कागद आपणहून मिटतो आणि छोटा चौकोन होतो. मिटत नसेल तर उलटण्याची पायरी राहून गेली आहे. सगळे मोड एकाच बाजूने पडलेत. पुन्हा सुरुवात करण्यापेक्षा आडवी-उभी घडी दुसऱ्या बाजूने घालून घ्या.

त्या छोट्या चौकोनाला एक बंद टोक आणि एक उघडं टोक असतं. उघडं टोक आपल्या पोटाकडे ठेवायचं. अर्धा वर्ग इथेच चुकतो, म्हणून सुरुवातीलाच कागदाच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी पेन्सिलीचा ठिपका द्यायला लावा आणि आता सांगा, ठिपका फळ्याकडे. मग वरच्या थराच्या डाव्या-उजव्या खालच्या कडा मधल्या रेषेला आणून लावा, पतंगासारखा आकार होईल. ठिपक्याचा त्रिकोण त्यावर खाली दुमडा. तिन्ही घड्या उलगडा. आता वरच्या थराचं पोटाजवळचं टोक उचलून पार वर न्या. दोन्ही बाजू आपोआप आत येतात आणि लांबट शंकरपाळं तयार होतं. सगळ्यांत अवघड हीच घडी. उलगडलेले मोड पक्के नसले तर बाजू आत न येता फुगतात, आणि मूल जोर लावून कागद फाडतं. या पायरीला तुम्ही प्रत्येक बाकाजवळ जा. नाहीतर आदल्या दिवशी पाचवीच्या पाच जणांना शिकवून ठेवा, प्रत्येकाकडे चार-पाच मुलं. मागच्या बाजूनेही तेच.

खाली आता दोन पाय दिसतात. बाहेरच्या कडा मध्याला आणून ते अरुंद करा, पुढून आणि मागून. मग एक पाय दोन्ही थरांच्या आतून वर काढायचा, ती मान. दुसरा तसाच, ती शेपटी. मानेचं टोक थोडं खाली वळवलं की चोच. पंख खाली ओढा. पहिला पक्षी करायला चौथीच्या मुलाला 25 मिनिटं लागतात, काहींना 40. वाकडा झाला तरी तो सारसच.

हजाराच्या मागे लागू नका. जपानमध्ये हजारांची माळ 40 पक्ष्यांच्या 25 सरांची करतात. एका पक्ष्याला हात बसल्यावरची पाच मिनिटं धरली तरी हजारांना 83 तास होतात. मग दोन हुशार मुली मधल्या सुट्टीत घड्या घालत बसतात, बाकीचे आकडा विचारत फिरतात आणि सादाको विसरली जाते. 28 मुलं, 28 पक्षी, एक तुमचा. वर्गाच्या खिडकीत सुतळीला बांधा. हिरोशिमाला पाठवायचा खर्च करायची काही गरज नाही.

आता त्या मुलाचा प्रश्न. तो यंदाही वर्गात असेल, आणि तुमच्या जिल्ह्यात तो एकटा नसणार. अपशिंगे मिलिटरी हे गाव तुमच्याच जिल्ह्यातलं; पहिल्या महायुद्धात त्या गावचे 46 जण गेल्याचं सांगितलं जातं. त्याला वर्गात सगळ्यांसमोर उत्तर देऊ नका. 6 तारखेच्या आधी एकटा असताना जवळ बसवून सांगा : “तू विचारलंस ते चांगलं केलंस. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, आता देते. युद्ध करायचं की नाही हे सैनिक ठरवत नाही. ते झालंच तर सगळ्यात पुढे त्याला जावं लागतं, आणि जखम पहिली त्याला होते. म्हणून युद्ध होऊ नये असं सगळ्यात जास्त कोणाला वाटत असेल तर ते तुझ्या घरच्यांना.” हे खोटं समाधान नाही, फौजेतल्या माणसाच्या घरी रात्री फोन वाजला की काय होतं ते त्या मुलाला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. शक्य असेल तर आधी त्याच्या आईशीही बोलून घ्या.

वर्गात त्याला “तुझे पप्पा कुठे आहेत, सांग बरं सगळ्यांना” असं उभं करू नका, कौतुक म्हणूनसुद्धा नको. त्या काळजीचं प्रदर्शन होऊ नये. त्याऐवजी निळ्या टोपीची माहिती द्या. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आतापर्यंत अडीच लाखांहून जास्त भारतीय सैनिक जाऊन आलेत. दोन बाजूंच्या मध्ये उभं राहणं हे त्यांचं काम, आणि त्यात दीडशेहून अधिक जणांनी जीव गमावला. गणवेश तोच, डोक्यावर निळं शिरस्त्राण. मुलाला एवढं पुरतं.

पुढच्या एखाद्या शनिवारी गावात किंवा शेजारच्या गावात पहिल्या महायुद्धाची दगडी पाटी असेल तर मुलांना घेऊन जा. तुमच्या भागातल्या बऱ्याच गावांत ती चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत आहे : 1914 ते 1919 च्या युद्धात या गावातून अमुक इतके गेले, त्यांपैकी तमुक इतक्यांनी प्राण दिले. बहुतेक पाट्यांवर नावं नाहीत, फक्त आकडे. मुलांना विचारा, नावं कुठे गेली? मग जुन्या घरांमधून एकतरी नाव शोधून काढायचं काम द्या. पाटी नसेल तर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, असेल, तो तर आपल्याकडे पावलोपावली. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेतात, वर तो शिवपिंडीपुढे बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य. दगडावरच्या सगळ्या आकृत्या मुलांना मोजू द्या आणि मग विचारा, याची आई यात कुठे आहे? त्याची लहान बहीण? कोरणाऱ्याने त्यांना जागा दिली नाही. मुलांनी वहीत चौथी चौकट काढावी, घरची.

आशेचा भाग घाईने उरकू नका. “म्हणून आपण सगळ्यांनी मिळून राहावं” हे वाक्य मुलांनी शंभरदा ऐकलंय, ते कानावरून जातं. त्याऐवजी काय काय झालं ते सांगा. हिरोशिमा शहर भाजून निघालं होतं, तरी 9 ऑगस्टला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, एका छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा धावली. पुरुष युद्धावर गेल्यामुळे ट्रामवर शाळकरी वयाच्या मुली कामाला होत्या. त्या वेळच्या दोन-तीन गाड्या दुरुस्त होऊन पुढे कित्येक दशकं धावत राहिल्या.

दुसरी गोष्ट हत्तीची, ही पहिली-दुसरीलाही चालते. टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले तीन हत्ती युद्धकाळात मारले गेले. कसे, ते लहानांना सांगू नका. युद्ध संपल्यावर तिथल्या मुलांनी हत्ती बघितलाच नव्हता. त्यांनी भारताच्या पंतप्रधानांना, जवाहरलाल नेहरूंना पत्रं लिहिली. सप्टेंबर 1949 मध्ये म्हैसूरकडची एक हत्तीण बोटीने टोकियोला पोचली. नेहरूंनी तिला आपल्या मुलीचं नाव दिलं होतं, इंदिरा. ती 1983 पर्यंत तिथे होती. हत्तीण पोचली त्याच्या चार वर्षं आधीपर्यंत भारतातले सैनिक आणि जपानचे सैनिक ब्रह्मदेशात एकमेकांशी लढत होते, हे पाचवीला नकाशावर दाखवा.

पाचवीतला एखादा विचारेलच, “बॉम्ब का टाकला?” टाळू नका आणि लांबवूही नका. जपानने 1937 मध्ये चीनवर चाल केली, 1941 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या पर्ल हार्बर तळावर हल्ला केला; युद्ध वाढत गेलं आणि शेवटी अमेरिकेने हा बॉम्ब वापरला. तो वापरायला हवा होता का यावर मोठी माणसं आजही भांडतात. सादाको तेव्हा दोन वर्षांची होती, यावर मात्र भांडण नाही. इथे जपान म्हणजे नुसतं बिचारं असंही चित्र होऊ देऊ नका. त्यासाठी आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आहेत. 1938 मध्ये जपानच्या हल्ल्यात जखमी झालेल्या चिनी लोकांवर उपचार करायला पाच भारतीय डॉक्टर गेले, त्यांत ते एक. ते तिथेच राहिले, चिनी परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं : यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या 32 व्या वर्षी ते तिथेच गेले. सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक आहे. सहल काढता आली तर काढा.

“आपल्याकडे पण अणुबॉम्ब आहे ना?” आहे म्हणून सांगा. आणि आपण तो आधी वापरणार नाही असं भारताचं जाहीर धोरण आहे, हेही सांगा. नागासाकीनंतर जगात कुठल्याही युद्धात तो वापरला गेलेला नाही, ही शिकवण्यासारखी गोष्ट आहे. त्यात त्या बॉम्बमधून वाचलेल्या माणसांचा वाटा आहे. ती म्हातारी माणसं शाळाशाळांतून, देशोदेशी बोलत राहिली. त्यांच्या निहोन हिदानक्यो या संघटनेला 2024 चं शांततेचं नोबेल मिळालं.

“आपल्यावर पडेल का?” याला “कधीच नाही” असं ठाम उत्तर देऊ नका, मूल टीव्ही बघतं. खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला या, आणि सांगा : आज इथे आपण सुखरूप आहोत. असं होऊ नये म्हणून पुष्कळ मोठी माणसं रोज काम करतात. तुला भीती वाटली तर रात्री कोणाला उठवशील? त्याने नाव घेतलं की बस झालं. उत्तरापेक्षा ते नाव त्याच्या कामाला येतं.

टाळ्या वाजवणाऱ्यांना रागावू नका. ती दुष्ट नाहीत, वरून बघतायत. मैदानावर बॉम्ब टाकण्याचा खेळ चालू असेल तर जवळ जाऊन साधेपणाने विचारा, “खाली कोण आहे? आत्ता शाळा भरलीय का तिथे?” खेळ बंद करायचा नाही. दोन दिवसांत खेळात रुग्णवाहिका येते, कोणीतरी डॉक्टर होतं.

नंतरचे दोन-तीन आठवडे लक्ष असू द्या. सकाळी पोट दुखतं म्हणणं, अंथरूण ओलं होणं, एकच चित्र पुन्हा पुन्हा काढणं, एकटं शौचाला न जाणं. आठवड्यात कमी झालं तर ठीक. दोन आठवड्यांनंतरही टिकलं तर आईवडिलांना 14416 या टेलिमानसच्या (मनाच्या आरोग्यासाठीची सरकारी मदतसेवा) फोनवर बोलायला सांगा. मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. गेल्या वर्षी घाबरलेल्या त्या मुलीला चिडवलं जात नाही ना, तेही बघा. घाबरणाऱ्याला ‘भित्री’ म्हणणं वर्गात फार लवकर सुरू होतं.

6 तारखेचा शेवट मौनाने करणार असाल तर मिनिटभर नको, चौथीला तो फार मोठा असतो आणि कोणीतरी हसतं. वीस सेकंद, आणि काहीतरी ऐकायला द्या : “बाहेर पावसाचा किती प्रकारचा आवाज येतोय तो मोजा.”

आणि मग बाहेर जा. हिरोशिमात 75 वर्षं काही उगवणार नाही अशी आवई उठली होती. त्या जळलेल्या जमिनीवर पहिल्यांदा जी फुलली त्यांत आपली कण्हेर होती. आज ते हिरोशिमाचं शहरफूल आहे. कण्हेर तुमच्या गावातही असेलच, आणि ऑगस्ट फांदी लावायला उत्तम. पेन्सिलीएवढ्या जाडीची 15 ते 20 सेंटीमीटरची फांदी घ्या, खालची पानं काढा, दोन पेरं मातीत जातील अशी तिरकी रोवा. चार-पाच लावा, एखादी तरी मरते. फांदी तुम्हीच कापा, हातमोजे घालून. कण्हेरीचं पान, फूल, चीक सगळं विषारी. मुलांनी फक्त खड्डा करायचा, माती लोटायची, पाणी घालायचं आणि साबणाने हात धुवायचे. काटक्या चुलीत जाळायला देऊ नका, धूरही वाईट. जागा कुंपणाकडची, लहान मुलं खेळतात तिथून दूर आणि शेळ्या येत नाहीत अशी. पाणी घालायच्या पाळ्या लावा आणि यादी दरवाज्यामागे चिकटवा. दिवाळीच्या सुट्टीतल्या पाळ्या आत्ताच लिहून टाका. शाळेजवळ घर असलेली तीन नावं पुरेत.